जुना फिफ्थ व्हील ट्रेलर घेताना: माझा अनुभव

पिकअपच्या ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून या गाडीवर जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा त्यावर छापलेला असतो. जुना फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्या नवऱ्याने आधी त्या स्टिकरचा फोटो काढला. आमच्या पिकअपचा (इथे त्याला ट्रकच म्हणतात) आकडा होता २,८६० पौंड, म्हणजे साधारण १,३०० किलो. पुढे कितीतरी आवडलेले ट्रेलर आम्ही केवळ या आकड्यामुळे सोडून दिले, आणि ते सोडले हे फार चांगलं झालं.

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. मुलं कॉलेजला गेली, दोघांचं बरंचसं काम घरून होतं, आणि टेक्सासपासून मोंटानापर्यंतचे नॅशनल पार्क सावकाश, मुक्काम करत बघायचे ही फार जुनी इच्छा. नवा ट्रेलर घेतला की पहिल्या काही वर्षांतच त्याची किंमत जोरात उतरते, त्यामुळे जुनाच बघायचा यावर आमचा वाद नव्हता.

फिफ्थ व्हील हा बंपरखालच्या गोळ्याला अडकवायचा ट्रेलर नव्हे. पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर, एक जड हिच बसवतात आणि ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली असलेली किंगपिन नावाची जाड लोखंडी खुंटी तिच्या जबड्यात अडकते. त्यामुळे तो हायवेवर स्थिर चालतो, शेजारून मोठा ट्रक गेला तरी कमी डुलतो. पण ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा थेट पिकअपच्या पाठीवर बसतो. यालाच पिन वेट म्हणतात. विकणारे मात्र ‘तुमचा ट्रक किती ओढू शकतो’ तेच सांगत राहतात. ओढण्याची ताकद बहुतेक वेळा पुरते, पाठीवरचं वजन आधी संपतं.

आमचा हिशोब असा होता. २,८६० मधून हिचचे १६० पौंड गेले, आम्हा दोघांचे ३१०, हत्यारं आणि इतर सटरफटर १००. उरले २,२९०. पिन वेट २२ टक्के धरलं तर भरलेला ट्रेलर १०,४०० पौंडांच्या आत हवा. इथे ब्रोशरमधलं ‘ड्राय वेट’ धरू नका. त्यात टाकीतलं पाणी, भांडीकुंडी, कपडे काहीच नसतं, आणि पाण्याचा एक गॅलनच आठ पौंडांच्या वर भरतो. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे एक प्लेट असते. तिच्यावरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या अवस्थेतली कमाल मर्यादा, तोच आकडा धरायचा. टेक्सासमध्ये आणखी एक गोष्ट आहे: ट्रक आणि ट्रेलर यांच्या मर्यादांची बेरीज २६,००१ पौंड किंवा जास्त झाली आणि ट्रेलर १०,००० च्या वर असला, तर घरगुती वापरासाठीसुद्धा क्लास ए लायसन्स लागतं. मोठमोठे, दोन-दोन एसींचे ट्रेलर बघायला निघणाऱ्यांनी हे आधीच तपासावं.

वजनानंतर पाणी. माझं ठाम मत आहे की जुन्या ट्रेलरमध्ये बाकी सगळं दुरुस्त होतं, पण आत मुरलेलं पाणी दुरुस्त होत नाही, किंवा होतं तेव्हा खर्च ट्रेलरच्या किमतीच्या घरात जातो. या भिंती म्हणजे बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, आत प्लायवुडचा थर आणि फोम, सगळं चिकटवलेलं. छताच्या कडेने पाणी आत शिरलं की गोंद सुटतो आणि भिंत फुगते. समोर उभं राहून ते दिसत नाही. भिंतीला जवळजवळ गाल लावून, तिरप्या उन्हात लांबवर बघायचं, म्हणजे लाटा आणि फुगवटे उठून दिसतात. मी प्रत्येक ठिकाणी हेच आधी केलं, मग आत गेले.

आत गेल्यावर नाक. कुबट वास आला की आम्ही लगेच बाहेर पडत होतो, आणि सगळीकडे सुगंधी फवारा मारलेला असला तर आणखीच सावध होत होतो. एक स्वस्तातलं ओल मोजायचं यंत्र घेतलं होतं. ते खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, छताच्या झरोक्यांभोवती आणि स्लाइडच्या कडांना लावायचं. स्लाइड म्हणजे बटण दाबल्यावर बाहेर सरकणारा खोलीचा भाग. त्याच्या कोपऱ्यांत जमीन पायाने दाबून बघायची, दबली तर खालचं लाकूड भुसभुशीत झालंय. बेडरूम किंगपिनच्या वर, उंच भागात असते. तिथल्या कपाटाचे तळ टॉर्चने बघायचे, कारण पुढच्या भागाच्या जोडातून येणारं पाणी तिथे उतरतं. खालून ट्रेलरच्या पोटाला लावलेलं प्लॅस्टिकचं आवरण कुठे पोट सुटल्यासारखं लोंबत असेल, तर वर पाणी साठलेलं असू शकतं.

आणि छत. शिडी लावून वर जाऊ न देणाऱ्याकडून काही घेऊ नये. छतावर रबराचा किंवा टीपीओ या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा एक पडदा असतो आणि प्रत्येक जोडावर सीलंट. ते तडकतं, म्हणून दर काही महिन्यांनी तपासावं लागतं. एका ट्रेलरवर बाथरूमला वापरतात तसलं सिलिकॉन जागोजागी थापलेलं होतं. त्यावर नंतर योग्य सीलंट नीट धरत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. बाकी ट्रेलर देखणा होता, तरी आम्ही परत फिरलो.

ट्रेलर कोणत्या वर्षीचा असावा, याचाही आम्ही विचार केला. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे आत राहता येणाऱ्या गाड्या आणि ट्रेलर, इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात तयार होतात. महामारीच्या काळात मागणी इतकी वाढली की २०२१ मध्ये देशभरात सुमारे सहा लाख आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, आजवरचा उच्चांक. त्या घाईतल्या ट्रेलरपेक्षा थोडा आधीचा, पण एकाच माणसाने निगुतीने वापरलेला ट्रेलर मला जास्त भरवशाचा वाटतो.

तसा आम्हाला टेक्सासमधल्याच हिल कंट्रीत, फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूला मिळाला. २०१७ चा, २९ फुटी, जीव्हीडब्ल्यूआर ९,९९५ पौंड. विकणारे एक वयस्क आजोबा, गुडघ्यांमुळे आता शिडी चढता येत नाही म्हणून विकत होते. ट्रेलर कायम शेडखाली उभा होता. टेक्सासचं ऊन आणि गारा बघता हे फार मोलाचं. त्यांच्याकडे एक वही होती: छताचं सीलंट कधी केलं, चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस कधी भरलं, हिवाळ्यापूर्वी पाइपांतलं पाणी कधी काढलं, सगळं तारखेनिशी. मी त्यांना म्हटलं, “काका, यात काय खराब आहे ते तुम्हीच सांगा.” त्यांनी वही उघडून तीन गोष्टी दाखवल्या. नंतर तपासणीत त्या तिन्ही तशाच निघाल्या.

टायरवर नक्षी खोल होती, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे १९१७ होते, म्हणजे २०१७ च्या १९व्या आठवड्यातले, कारखान्यातून आलेलेच. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच-सात वर्षांनंतर ते दिसायला कितीही चांगले असले तरी बदलावेत, कारण एक फुटला तर चाकावरचं आवरण आणि खालच्या वायरी फाडून नेतो. नव्या टायरची किंमत आम्ही घासाघीस करून ट्रेलरच्या किमतीतून कमी करून घेतली, आजोबांनी लगेच मान्य केलं.

फ्रिज गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा होता. असा फ्रिज थंड व्हायला कित्येक तास घेतो, म्हणून आम्ही फोन करून आदल्या दिवशीच सुरू ठेवायला सांगितलं होतं. मागची झडप उघडून पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा वास नाही ना, ते बघितलं. पाण्याचा हीटर, खोली गरम करायची भट्टी, एसी, स्लाइड, सगळं आमच्यासमोर चालवून घेतलं. स्वयंपाकघर मी माझ्या पद्धतीने तपासलं. घरून कुकर नेला होता, वरच्या मायक्रोवेव्हखाली शिट्टीसकट बसतो का बघायला. बसला. चिमणीची हवा खरंच बाहेर जाते का, तेही बाहेर जाऊन बघितलं. बाहेरच्या झाकणाची खिटी बंद असली तर फोडणीचा सगळा ठसका आतच फिरतो.

एवढं करूनही एनआरव्हीआयए या आरव्ही-तपासनीसांच्या संघटनेचं प्रमाणपत्र असलेला स्वतंत्र तपासनीस आम्ही बोलावला. साताठशे डॉलर गेले. त्याने गॅसच्या नळ्यांत दाब देऊन गळती तपासली, किंगपिनच्या वरच्या चौकटीच्या वेल्डिंगला तडे नाहीत हे दाखवलं आणि फोटोंसह लांबलचक अहवाल दिला. विकणाऱ्याने सुचवलेला तपासनीस मात्र घेऊ नये.

कागदपत्रांत आम्ही घाई केली नाही. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, बँकेचा बोजा होता. सातबाऱ्यावरच्या बोजासारखाच तो उतरल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. म्हणून आम्ही आजोबांना त्यांच्या बँकेतच भेटलो, कर्जाची बाकी आमच्या पैशांतून तिथेच फेडली आणि बोजा उतरल्याचा कागद घेतला. त्याआधी ट्रेलरचा व्हीआयएन (ओळख) क्रमांक एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर घालून काही रिकॉल, म्हणजे कंपनीने करून द्यायची दुरुस्ती, बाकी आहे का ते पाहिलं, आणि एनआयसीबी या विमा क्षेत्रातल्या संस्थेच्या मोफत तपासणीत चोरीची किंवा पूर्ण नुकसानीची नोंद नाही याचीही खात्री केली. २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टनमध्ये किती गाड्या बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. बुडालेला ट्रेलर पुसून-पासून दुसऱ्या गावात विकला जाऊ शकतो. काउंटी टॅक्स ऑफिसात १३०-यू हा मालकी नावावर करायचा फॉर्म आणि सव्वासहा टक्के कर भरून ट्रेलर आमच्या नावावर झाला.

आणायला गेलो तेव्हा हिच अडकवल्यावर चाकांना ठोकळे लावून, ट्रेलरचे ब्रेक दाबून धरून ट्रक हळूच पुढे ओढून पाहिला. पिन जबड्यात नीट बसली नसेल तर ते इथेच कळावं, रस्त्यावर कळलं तर ट्रेलर सरळ हौद्याच्या कडांवर आदळतो. ट्रेलर सपाट उभा राहतो ना, हौद्याच्या कडा आणि त्याच्या पोटात सहा इंच मोकळे आहेत ना, हेही मोजलं.

नवे टायर आणि नवा गॅस डिटेक्टर बसवला, सामान आणि पाणी भरलं, आणि एका ट्रक स्टॉपवरच्या, मोठे ट्रक तोलायच्या कॅट काट्यावर गेलो. आधी ट्रेलरसकट वजन केलं, मग ट्रेलर सोडून एकट्या ट्रकचं. ट्रकच्या चाकांवर पडलेल्या दोन वजनांतला फरक, म्हणजे खरं पिन वेट, १,९४० पौंड निघालं. मर्यादेत साडेतीनशे पौंड अजून शिल्लक आहेत. नवऱ्याला हौद्यात जनरेटर ठेवायचाय, तो त्यात बसतो. अहवालात लिहिलेलं मागच्या खिडकीचं सीलंट तेवढं बाकी आहे, ते बिग बेंड नॅशनल पार्कला निघण्याआधी करून घेणार आहोत. तिथे आम्ही रिओ ग्रांदे व्हिलेजच्या कॅम्पग्राउंडवरच राहू. पार्कमधल्याच चिसोस बेसिनचा रस्ता २० फुटांपेक्षा लांब ट्रेलरसाठी नाही.