कार्ताहेनाचा करडा किनारा

कोलंबियातल्या कार्ताहेनाला निघालेल्याला हमखास सल्ला मिळतो, शहरातल्या पुळणीवर थांबू नका, बोट पकडून रोसारिओ बेटांवर जा. मी चारही दिवस शहरातच राहिले. फार बरं केलं.

बोकाग्रांदे ही शहरातली पुळण. वाळू करडी, पाणी गढूळ. माग्दालेना नदीचा गाळ दिके कालव्यातून इथल्या उपसागरात येतो. वाळू वाहून जाऊ नये म्हणून समुद्रात दगडी बांध घातलेत, आणि मागे उंच इमारतींची रांग. कोकणात वाढलेल्या मला सगळ्यात नवल वाटलं ते भरती-ओहोटीचं. इथे पाणी जेमतेम फूट-दीड फूट चढतं-उतरतं, त्यामुळे सकाळी वाळूत टाकलेली खुर्ची संध्याकाळीही तिथेच.

बोकाग्रांदे म्हणजे मोठं तोंड. उपसागरात शिरायची ही रुंद वाट स्पॅनिश लोकांनी १८व्या शतकात पाण्याखाली भिंत बांधून बंद केली. मग जहाजांना बोकाचिकाच्या, म्हणजे छोट्या तोंडाच्या, अरुंद वाटेनेच यावं लागे, किल्ल्याच्या तोफांसमोरून. ते ऐकताना विजयदुर्गाजवळची समुद्राखालची भिंत आठवली आणि अंगावर काटा आला. १९८४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली इथली तटबंदी बघायला सगळे जातात. पाण्याखालच्या या भिंतीबद्दल मात्र कुणी आपणहून बोललं नाही.

एक सूचना मनापासून: खुर्ची, तंबू, काहीही घेण्याआधी भाव ठरवा. मी पहिल्या दिवशी विचारलं नाही आणि जाताना दुप्पट पैसे मोजले.

जेवण ला बोकीयाला, शहराच्या उत्तरेच्या कोळीवाड्यात. तळलेला मासा, कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले काप आणि नारळाचा भात. हा आपला गोड नारळीभात नव्हे. नारळाचं दूध तेल सुटून तळाशी तपकिरी चोथा उरेपर्यंत आटवतात आणि त्यावर तांदूळ परततात. तो खमंग वास अजून नाकात आहे.

संध्याकाळी स्थानिक कुटुंबं उतरतात. सूर्य थेट समुद्रात बुडतो, पोरं पाण्यातून निघत नाहीत. पालेंकेच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन फिरतात. गुलामगिरीतून निसटलेल्या आफ्रिकी लोकांनी वसवलेलं त्यांचं गाव, आजही स्वतःची भाषा जपणारं. एकीकडून मी ‘आलेग्रीया’ घेतली: धान्याच्या लाह्या, खोबरं, गूळ आणि बडीशेपेसारख्या चवीचं बी, सगळं वळून केलेला लाडू. नावाचा अर्थ आनंद. दुसरा घ्यायला वळले, तोवर ती पुढच्या बांधापर्यंत पोचली होती.