आजीचा फोटो आणि त्याची नाती

आज सुट्टी. सकाळपासून सदाशिव पेठेतल्या घरी आजीच्या ट्रंकेतले फोटो स्कॅन करत बसलो. माझ्या साठवणीत फाइलचं नाव तिच्या आतल्या डेटावरूनच ठरतं: एसएचए-२५६ हॅश, म्हणजे डेटावर गणित करून निघणारा ठसा, ६४ अक्षरं. एक बिट हलला की नाव बदललं.

पर्वतीच्या पायऱ्यांवरचा एक फोटो आहे, कडा पिवळ्या पडलेल्या, मागे निळ्या शाईत आजीचं अक्षर. पुढची बाजू एक फाइल, मागची दुसरी. दोघींत एकमेकींचा हॅश लिहायला गेलो, तर जमेचना! पहिलीत दुसरीचा हॅश घातला की पहिलीचंच नाव बदलतं, मग दुसरीतला पत्ता चुकतो. दुपार यातच गेली.

शेवटी पर्कीप या फाइली साठवायच्या सॉफ्टवेअरची पद्धत घेतली. फोटोसाठी एक रँडम, कायमची गाठ, म्हणजे त्या फोटोच्या जागी उभी राहणारी छोटी नोंद. तिचं नाव बदलत नाही. ‘ही पुढची बाजू’, ‘ही मागची’ ही गाठीला फाइल जोडणारी विधानं तारीख आणि सहीसकट वेगळी साठवायची.

संध्याकाळी काकूचा फोन आला. आजीशेजारी उभी आहे ती मैत्रीण नव्हे, धाकटी बहीण! जुनं विधान पुसलं नाही, नवं जोडलं. आपली समजूत कशी बदलली तेही घरच्यांना दिसावं, असं मला मनापासून वाटतं.

अर्धी ट्रंक अजून बाकी आहे.