हिरडीवरचे जेल आणि आठ महिन्यांची नात

आठव्या महिन्यात नातीच्या हिरड्या सुजल्या आणि एका रात्री तिचे रडणे काही केल्या थांबेना. विश्रामबागेतील आमच्या शेजारच्या काकूंनी मोठ्या मायेने घरातील दातदुखीच्या जेलची ट्यूब आणून दिली. बोटावर घेण्यापूर्वी मी भिंगातून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि 'बेंझोकेन' हा शब्द दिसताच टोपण पुन्हा लावून टाकले.

बेंझोकेनसारख्या, लावलेली जागा बधिर करणाऱ्या औषधांविषयी माझ्या मनात अढी नाही. मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाटा ती काही काळ बंद करतात, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे सरकतच नाही. माझी दाढ काढताना डॉक्टरांनी सुईआधी हिरडीला जेल लावले, तेव्हा टोचलेले फारसे कळलेही नव्हते. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलेल्या लिडोकेन या अशाच बधिर करणाऱ्या औषधाचे उपकार मी मानते. लहानपणी बांधावरची अक्कलकाऱ्याची पिवळी बोंडे चघळून जीभ बधिर करून घेत असू, ती गंमतही आठवते.

तान्ह्या बाळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. दात येताना लाळ इतकी गळते की जेल हिरडीवर टिकत नाही. ते पोटात जाते आणि जाताना घसाही बधिर करू शकते. बेंझोकेनमुळे क्वचित, पण एकदाच लावल्यानेही, रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप असे बदलते की ते शरीराला ऑक्सिजन पुरवू शकत नाही. ओठ व नखे निळसर पडतात आणि जिवावर बेतू शकते. म्हणूनच २०१८ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने दोन वर्षांखालील मुलांना ते लावू नये असे बजावले. हिरडीवर चोळायच्या पातळ लिडोकेनविषयी तिने २०१४ सालीच इशारा दिला होता, कारण ते जास्त प्रमाणात पोटात गेल्यास बाळाला झटके येऊ शकतात. लवंगेचे तेल घरगुती असले तरी त्यातील युजेनॉल कोवळी हिरडी भाजते, म्हणून तेही मी दूर ठेवले.

त्या रात्री स्वच्छ सुती कापड ओले करून फ्रिजमध्ये गार केले, ते तिला चावायला दिले आणि धुतलेल्या बोटाने हिरडी हलके चोळत बसले. पहाटे ती झोपली. ट्यूब परत करताना काकूंना मी तो शब्द दाखवला. त्यांच्या लेकीचे बाळ मिरजेला आहे, पाच महिन्यांचे. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला आणि तेथूनच लेकीला फोन लावला.