आमची वाटचाल : जॅक दुरुस्तीपासून घरच्या लिफ्टपर्यंत

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वडिलांचं हायड्रॉलिक जॅक दुरुस्तीचं शेड होतं. सिलिंडरला होनिंग म्हणजे आतून घासून गुळगुळीत करणं, रॉडला हार्ड क्रोमचा मुलामा, नवे सील, एवढंच काम. बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉप हाकेच्या अंतरावर, त्यामुळे साहित्यासाठी कधी अडलं नाही. पुढे गॅरेजवाल्यांच्या गाडी उचलायच्या लिफ्ट दुरुस्तीला येऊ लागल्या, मग आम्ही नव्याही बसवू लागलो. आता निम्मं गिऱ्हाईक घरगुती आहे. कुणाच्या दोन टॅक्सी असतात, कुणाला जुन्या गाडीचा नाद.

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला : "किती टन उचलतंय ते सांगा की." आम्ही विचारतो, खाली काय आहे आणि वर किती जागा आहे? टनांचं काही अवघड नसतं. इनोव्हासुद्धा दोन टनांच्या आसपास, आणि बाजारातली बहुतेक दोनखांबी लिफ्ट साडेतीन-चार टनांची. घोडं अडतं ते कोब्यापाशी आणि स्लॅबपाशी.

दोनखांबीत गाडी खांबांतून निघालेल्या लोखंडी हातांवर लटकते आणि खांब उपटू पाहणारा जोर कोब्यात रुतवलेले अँकर बोल्ट झेलतात. अनेक कंपन्या किमान 4 इंच काँक्रीट मागतात, आम्ही 6 इंचांखाली हात लावत नाही. खानापूरकडे जांभा लागतो, तिथं तळ निदान घट्ट असतो. अथणीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथं माती उकरून, मुरूम भरून, कुटून, जाळी टाकूनच आरसीसी. ओतल्यावर 28 दिवस थांबायचं. गवंडी आठवड्यातच म्हणतो, "दगड झालाय की ओ, बसवा!"

त्याच भागात एकदा ड्रिल लावलं. पांढरी भुकटी येत होती, आणि तीन इंचांवरच बिटाला काळा चिखल चिकटून आला. मालक म्हणाले होते, सहा इंच ओतलंय. पावणे चिडले, पण आम्ही मशीन गाडीत चढवून परत आणलं. तेव्हापासून कोब्याला भोक पाडून बघितल्याशिवाय अॅडव्हान्स घेत नाही.

उंचीचं गणित तर सरळ आहे. वरून बीम असलेल्या दोनखांबीला साधारण 12 फूट लागतात आणि घरचा स्लॅब असतो 10 फुटांवर. खालून प्लेट असलेली लिफ्ट मावते, पण सहा फुटी गाडी चार फूट वर गेली की टप स्लॅबला टेकतो. खाली ताठ उभं राहता येणार नसेल तर एवढा खर्च कशाला? अशा घरात मी सिझर लिफ्टच सुचवतो, म्हणजे गाडीखाली कात्रीसारखी उघडत वर जाणारी. साधारण मीटरभर उचलते, चाकं, ब्रेक, सस्पेन्शन स्टुलावर बसून होतात. गिअरबॉक्स उतरवताना मात्र तिचा सांगाडाच मध्ये येतो, हे आधीच सांगतो. एकावर एक दोन गाड्या लावायच्या असतील तर चारखांबी घ्या. ती चाकांवर उचलते, त्यामुळे चाक काढायला वेगळा जॅक लागतो.

मोटर सिंगल फेजवर मिळते, पण गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की ती नुसतीच घुमते, गाडी उचलत नाही. म्हणून मीटरपासून वेगळी जाड वायर ओढायला लावतो. लिफ्ट ताब्यात देताना मालकाच्याच हातानं गाडी चढवून घेतो. लॉकचे पंजे खट्-खट् करत जातात, मग थोडी खाली घेऊन दोन्ही बाजू लॉकवर बसवायची. नुसत्या तेलाच्या दाबावर उभ्या गाडीखाली आमचा कुणी शिरत नाही. महिन्याभरानं आमचा पोरगा टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) घेऊन बोल्ट तपासायला येतो, त्याचे पैसे कोटेशनमध्येच धरलेले असतात.