नळीवरचा हात काढ

आपल्या नर्सिंग स्कूलच्या हीरकमहोत्सवी अंकासाठी आठवणी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभं राहिलं ते प्रसूतिशास्त्राच्या वर्गातलं काचेचं कपाट. १९७४ साली मी माण तालुक्यातून इथं आले. जुन्या अकरावीपर्यंत सगळं मराठीतून झालेलं, आणि इथं हातात पडलं मार्गारेट माइल्स यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. एडिंबरोत सुईणींना शिकवणाऱ्या या बाईंनी ते १९५३ मध्ये लिहिलेलं. रात्री डिक्शनरी घेऊन एकेक पान लावायचे. ‘प्लॅसेंटा’ म्हणजे आजी म्हणायची ती वार, हे कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. माझी आजी गावची सुईण होती.

त्याच कपाटात पाठ सुटलेलं आणखी जुनं पुस्तक होतं. शिकागोच्या डॉ. जोसेफ डिली यांनी खास परिचारिकांसाठी लिहिलेलं, पहिली आवृत्ती १९०४ची. त्याआधी १८९५ मध्ये त्यांनी तिथल्या गरीब वस्तीत बाळंतपणाचा दवाखाना काढला होता आणि तिथली माणसं घरोघरी जाऊन बाळंतपणं करत. हे ऐकून मला आजीच आठवली. पुढे १९२० मध्ये याच डिलींनी पहिलटकरणीला सरसकट योनिमुखाशी छेद देऊन चिमट्याने बाळ काढावं, असं मांडलं. आमच्या सिस्टर ट्यूटरना ते मुळीच पटत नसे. वेणा येऊ द्या, थांबा, बघा, हात धुवा, एवढंच त्या सांगत.

पुस्तकात होतं म्हणून आम्हीही दाखल झालेल्या प्रत्येक बाईला एनिमा द्यायचो, केस काढायचो. त्याचा उपयोग नाही, हे फार उशिरा कळलं. तोंडावर पदर ओढून पडलेल्या त्या बायकांची मला आजही क्षमा मागावीशी वाटते.

नळी मात्र पुस्तकातून येत नाही. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची पिनार्डची ॲल्युमिनियमची नळी, पसरट तोंड पोटावर, दुसऱ्या टोकाला कान. मला पहिले आठ दिवस काहीच ऐकू येईना. सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. “आधी बाळाची पाठ चाचप. तिथं नळी ठेव. कान टेकवलास ना? आता नळीवरचा हात काढ, त्याचाच आवाज येतोय तुला. तो हात आईच्या नाडीवर ठेव, म्हणजे तिचे ठोके बाळाचे समजणार नाहीस.” मी हात काढला. खोल आतून, उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखी टिकटिक आली.

पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी लागली. एका पावसाळी रात्री वीज गेलेली, डॉक्टर दुसऱ्या गावी, पहिलटकरीण घाबरून माझा दंड सोडेना. कंदील तिच्या सासूच्या हातात दिला. पाठ चाचपली, नळी ठेवली, हात काढून तिच्या मनगटावर नेला. घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजले. १४०.

“चांगलं आहे गं बाळ,” मी तिला म्हटलं.