एकाची वागणूक, साऱ्या संघाची शिक्षा

२०१२ च्या हंगामात ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने बाराच्या बारा सामने जिंकले, आणि तरीही हंगामानंतरच्या एकाही लढतीत त्याला उतरता आले नाही. बंदी आधीच लागलेली होती, आणि ज्यांच्यामुळे ती लागली त्यांतले प्रमुख चेहरे तोवर विद्यापीठ सोडून गेले होते. डिसेंबर २०१० मध्ये या संघातील पाच खेळाडूंनी विजेतेपदाच्या अंगठ्या, जर्सी आणि मिशिगन या कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठाला हरवल्यावर प्रत्येक खेळाडूला मिळणारे पँटच्या आकाराचे छोटेसे सोनेरी पदक विकल्याचे, शिवाय सवलतीत टॅटू गोंदवून घेतल्याचे उघडकीस आले. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्यांना पुढच्या हंगामातील पहिल्या पाच सामन्यांसाठी निलंबित केले. मात्र दोन आठवड्यांच्या आत होणारा शुगर बोल हा मानाचा सामना त्यांना खेळू दिला. तो ओहायो स्टेटने ३१-२६ असा जिंकला आणि पुढे तो विजयही नोंदींतून रद्द झाला. प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना या व्यवहारांची कुणकुण एप्रिल २०१० मध्येच ईमेलने लागली होती आणि त्यांनी ती दडवून ठेवली, हे मार्च २०११ मध्ये बाहेर आल्यावर मेअखेरीस त्यांना राजीनामा द्यावा लागला. (जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रसिद्धीवर पैसे मिळवण्याची मुभा आहे. त्या टॅटूवाल्याची जाहिरात करून मोबदला घेणे आज राजरोस करार ठरले असते.)

चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी तक्रार अशा वेळी नेहमी ऐकू येते आणि ती खोटी नाही. पण मला या प्रकरणात बंदीपेक्षा शुगर बोलची सवलत जास्त घातक वाटते. शिक्षा झाली खरी, पण ती सामन्याची सोय पाहून झाली, हे त्या संघातील प्रत्येक खेळाडूला दिसले असणार. जो राखीव खेळाडू वर्षभर सरावात मार खातो आणि ज्याला एका बेशिस्तीबद्दल घरी पाठवायला कोणी क्षणभरही थांबणार नाही, त्याला आपली किंमत अशा निर्णयातून कळते. बाहेर फक्त ‘संघाच्या नियमांचा भंग’ एवढेच ठेवणीतले कारण सांगितले जाते. त्या एका वाक्याखाली तासाला उशिरा येण्यापासून मारहाणीपर्यंत काहीही झाकता येते. ड्रेसिंग रूममध्ये मात्र कोणी काय केले हे साऱ्यांना ठाऊक असते, आणि कोणाला किती माफ झाले याचा हिशेबही तिथे चोख ठेवला जातो.

सप्टेंबर २०१४ मधला एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, जेमिस विन्स्टन याने विद्यापीठाच्या आवारात अश्लील वाक्य ओरडल्याबद्दल त्याला क्लेमसनविरुद्धच्या सामन्याच्या पूर्वार्धापुरते बसवायचे असे आधी ठरले, आणि टीका झाल्यावर ती शिक्षा पूर्ण सामन्याची करण्यात आली. सामन्याआधीच्या सरावाला हा गडी पॅड चढवून, पूर्ण गणवेशात मैदानावर हजर! प्रशिक्षक जिम्बो फिशर यांनी त्याला सर्वांसमक्ष आत जाऊन कपडे बदलून यायला सांगितले. राखीव क्वार्टरबॅकला घेऊन संघाने तो सामना जादा वेळेत २३-१७ असा जिंकला, म्हणजे त्याच्यावाचून काही अडले नाही. पण अर्ध्या सामन्याची शिक्षा ठरवताना कोणाच्या मनात गुणफलक नव्हता, असे मानणे मला कठीण जाते.

याच्या उलट टोकाला हार्वर्डचा पुरुष सॉकर संघ आहे. २०१२ साली या संघातील एकाने महिला संघात नव्याने आलेल्या खेळाडूंचे रूप आणि शरीर यांवर गुण देणारा एक ‘अहवाल’ तयार केला होता. तो ऑक्टोबर २०१६ मध्ये विद्यार्थी वृत्तपत्राने उजेडात आणला. चौकशीत हा प्रकार २०१६ पर्यंत चालू राहिल्याचे आणि सध्याच्या खेळाडूंनी सुरुवातीला खरे सांगितले नसल्याचे आढळले, तेव्हा विद्यापीठाने उरलेला हंगामच रद्द केला. संघ त्या वेळी आयव्ही लीग या आठ नामांकित विद्यापीठांच्या स्पर्धेत अव्वल होता. इथे संपूर्ण संघाला शिक्षा होणे मला योग्य वाटते, कारण कृत्य एकाचे उरले नव्हते. ते पिढीजात झाले होते आणि बाकीच्यांनी मूग गिळून ते चालू दिले होते. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले त्या खेळाडू त्याच विद्यापीठाच्या होत्या, हे ‘संघाचे नुकसान’ मोजताना सोयीस्करपणे विसरले जाते.

सामूहिक शिक्षेची घाई कुठे नेते हेही पाहायला हवे. ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा खेळ) संघातील खेळाडूंवर मार्च २००६ मध्ये बलात्काराचा आरोप झाला, हंगाम रद्द झाला, प्रशिक्षकाने राजीनामा दिला. आणि एप्रिल २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या महाधिवक्त्यांनी तिन्ही आरोपी खेळाडू निर्दोष असल्याचे जाहीर केले. खटला रेटणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली, आणि एनसीएएने त्या संघातील बहुतेक खेळाडूंना खेळण्यासाठी एक वर्ष वाढवून दिले. त्या रात्रीच्या पार्टीतील वागणूक शोभणारी नव्हती, हे खरेच. पण अशोभनीय वागणे आणि गुन्हा यांत फरक करायला चौकशी लागते, आणि चौकशीला वेळ लागतो.

ही चौकशी प्रशिक्षकाच्या हाती राहिली की काय होते, याचे सर्वांत वाईट उदाहरण बेलर विद्यापीठाचे आहे. खेळाडूंवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपांनंतर विद्यापीठाने बाहेरच्या विधी संस्थेकडून तपास करवून घेतला. फुटबॉल विभागाने शिस्तीची स्वतःची वेगळी व्यवस्था चालवली आणि काही तक्रारी विद्यापीठाच्या यंत्रणेपर्यंत पोहोचूच दिल्या नाहीत, असे मे २०१६ मधील निष्कर्षांत नोंदवले गेले. प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना काढण्यात आले आणि अध्यक्ष केन स्टार यांचेही पद गेले. भरतीसाठी करारबद्ध झालेल्या अनेक नव्या खेळाडूंनी सुटका मागितली. त्या वर्षी संघाने पहिले सहा सामने जिंकले आणि नंतरचे सलग सहा गमावले; २०१७ मध्ये बारापैकी एकच सामना हाती लागला. हे नुकसान मोठे असले तरी ज्या मुलींच्या तक्रारी दाबल्या गेल्या त्यांच्यापुढे ते काहीच नाही. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये एनसीएएच्या समितीने काय ठरवले? विद्यापीठाचे अपयश गंभीर होते, पण तक्रारी न कळवण्याबद्दल शिक्षा करता येईल असा नियमभंग आपल्या नियमावलीत बसत नाही. सोनेरी पदके विकण्यासाठी मात्र त्याच नियमावलीत कलम होते.

म्हणून गंभीर आरोपांत खेळाडूने खेळावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार प्रशिक्षकाकडे नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याची नोकरी शनिवारच्या सामन्याच्या निकालावर टिकते, त्याला शुक्रवारी न्यायाधीश बनवणे त्याच्यावरही अन्याय आहे. अमेरिकेच्या दक्षिणपूर्वेकडील विद्यापीठांच्या बलाढ्य एसईसी लीगने मे २०१५ मध्ये, लैंगिक किंवा कौटुंबिक हिंसाचाराबद्दल दुसरीकडून काढलेल्या खेळाडूला सदस्य विद्यापीठांनी घेऊ नये, असा नियम केला. निर्णय प्रशिक्षकाच्या हातून काढून घेता येतो, एवढे त्यावरून नक्की दिसते. तोच न्याय आपल्याच संघातल्या खेळाडूला लावायचा तर प्रकरण लगेच विद्यापीठाच्या स्वतंत्र यंत्रणेकडे जावे, तिच्या निर्णयाची तारीख सामन्यांचे वेळापत्रक न पाहता ठरावी, आणि तोवर त्या खेळाडूच्या जागी कोण खेळणार एवढेच प्रशिक्षकाने पाहावे.