काउन्सिल टॅक्सची सवलत, आमची बचत आणि पीआयपीचा फरक : माझा अनुभव

नवऱ्याला स्ट्रोक आल्यानंतर पीआयपीसाठी (आजारी किंवा अपंग व्यक्तीला मिळणारा सरकारी भत्ता) आम्ही ट्रायब्युनलपर्यंत गेलो आणि जिंकलो. ती कहाणी वेगळी. मला लिहायचंय ते त्यानंतरचं, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्या पैशासाठी वर्षभर भांडलो, तोच पैसा आमच्या काउन्सिलने आमच्या विरुद्ध मोजला.

इंग्लंडमध्ये काउन्सिल टॅक्स रिडक्शन, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना घरावरच्या स्थानिक करात मिळणारी सवलत, २०१३ पासून प्रत्येक काउन्सिल स्वतःच्या नियमांनी देते. पेन्शनच्या वयाच्या लोकांना देशभर एकच नियम, बाकीच्यांना जिथे राहतो तिथले. आमच्याकडे नवराबायकोची मिळून बचत १६,००० पौंडांच्या वर गेली की मदत शून्य. काही काउन्सिलनी हीच मर्यादा ६,००० वर आणली आहे, तेव्हा दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीला मिळाली म्हणून आपल्याला मिळेल असं धरू नका. आपल्या काउन्सिलची योजना वेबसाइटवर असते, ती मुळातून वाचा.

अर्ज ऑनलाइन भरला, त्यात काही अवघड नव्हतं. आमची बचत बारा हजारांच्या आसपास. ट्रायब्युनलच्या निकालानंतर पीआयपीचा मागचा सगळा फरक एकदम खात्यात आला, साडेपाच हजारांच्या वर. काउन्सिलने दोन्हीची बेरीज केली आणि पत्र आलं: भांडवल मर्यादेपेक्षा जास्त, अर्ज नामंजूर.

फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका बाईंनी सांगितलं, "पीआयपी उत्पन्नात धरत नाही, पण खात्यात पडून राहिलं की ती बचतच." अहो, पडून राहिलं कुठे? आदल्याच महिन्यात आलंय! पुन्हा फोन केला तर दुसऱ्याच कोणाचं तेच उत्तर. चॅटवरही तेच. प्रत्येक जण नम्रपणे बोलत होता आणि नियम कोणीच उघडून बघत नव्हतं. नवरा शेजारी बसून सगळं ऐकायचा. त्याला वाटायला लागलं की आपण मागितलं हेच चुकलं, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याची आली.

मार्ग दाखवला सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या सल्लागाराने. त्यांनी आमच्या काउन्सिलच्या योजनेचा दस्तऐवज उघडला आणि भांडवलाच्या परिशिष्टात बोट ठेवलं: अशा भत्त्यांचा मागचा फरक मिळाल्यापासून ५२ आठवडे बचतीत मोजायचा नाही. काउन्सिलच्या स्वतःच्याच कागदावर छापलेलं! मग मी फोन बंद केले आणि लेखी हरकत घेतली. परिच्छेदाचा क्रमांक, ट्रायब्युनलचा निकाल, आणि बँक स्टेटमेंटवर 'डीडब्ल्यूपी पीआयपी' (डीडब्ल्यूपी म्हणजे भत्ते देणारं सरकारी खातं) लिहिलेली ती एक ओळ पिवळ्या मार्करने रंगवून जोडली. काउन्सिलला उत्तरासाठी दोन महिने असतात. नाहीच ऐकलं तर काउन्सिल टॅक्सचे वाद ऐकणाऱ्या व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे जाता येतं, त्याला फी नाही. हेही पत्रात लिहिलं. मुदत संपत आली तेव्हा निर्णय बदलल्याचं पत्र आलं, सवलत अर्जाच्या तारखेपासून लागू. वाचून दाखवलं तेव्हा नवरा बऱ्याच दिवसांनी मोकळेपणी हसला.

तरी मदत पूर्ण मिळाली नाही. ६,००० च्या वरच्या दर २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न 'धरलं' जातं. म्हणजे आमच्या बारा हजारांवर आठवड्याला २४ पौंड. कुठली बँक देते एवढं व्याज? अडीअडचणीला म्हणून साठवलेल्या पैशावर हा हिशोब मला अन्यायाचाच वाटतो.

आणखी एक, आधी सांगायला हवं होतं: निकाल लागेपर्यंत बिल भरत राहा, नाहीतर समन्स येतं. भारतातल्या एफडी आणि फ्लॅटसुद्धा भांडवलात धरतात, ते लपवू नका. आणि मर्यादेखाली यायला पैसे भावाच्या खात्यात टाकले, तर ते तुमच्याकडेच आहेत असं समजून मोजतात. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही, अशी अट) असेल तर हा अर्ज करूच नका.

बचत जास्त आहे म्हणून नकार आलेल्यांनी दोन गोष्टी जरूर बघाव्यात, त्यात बचत विचारतच नाहीत. घरातली एखादी खोली अपंग व्यक्तीच्या गरजेसाठीच वापरात असेल, किंवा आत व्हीलचेअरसाठी जागा लागत असेल, तर बिल एक बँड (घराच्या किमतीनुसार ठरलेला कराचा गट) खालचं लागतं. आमची जेवणाची खोली आता नवऱ्याची झोपायची खोली आहे. माणूस येऊन बघून गेला आणि बँड डीचं बिल सीचं झालं. दुसरं, डिमेन्शियासारख्या आजारात डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि पीआयपी किंवा अटेंडन्स अलाउन्ससारखा भत्ता असेल, तर ती व्यक्ती घरातल्या प्रौढांच्या मोजणीतून वगळतात. घरात दुसरी एकच प्रौढ व्यक्ती असेल तर २५ टक्के सूट.

आमचे ५२ आठवडे येत्या मार्चमध्ये संपतात. त्याआधी त्या फरकातून खालच्या मजल्यावर सपाट शॉवर बसवून घेतोय. सगळ्या पावत्या फाइलला लावल्या आहेत.